मतं जवळपास सारखी, जागा १६ आणि ५७! प्रमाणशीर प्रतिनिधित्व म्हणजे काय?

केनवड हे रिसोड तालुक्यातलं गाव. जिल्हा वाशीम, पण लोकसभेसाठी रिसोड अकोल्याला जोडलेलं आहे. २०२४ मध्ये तिथे भाजपचे अनुप धोत्रे ४ लाख ५७ हजार ३० मतं घेऊन खासदार झाले. काँग्रेसचे अभय पाटील यांना ४ लाख १६ हजार ४०४, तर वंचित बहुजन आघाडीचे प्रकाश आंबेडकर यांना २ लाख ७६ हजार ७४७ मतं पडली. म्हणजे पराभूत झालेल्या या दोघांची मिळून जवळपास ७ लाख मतं, आणि त्यातून दिल्लीला कुणीच गेलं नाही.

यात नियमाबाहेर काही घडलं नाही. ज्याला सर्वाधिक मतं तो विजयी, मग ती निम्म्याहून कमी का असेनात, अशीच आपली पद्धत आहे. 'मत वाया जाईल' म्हणून आवडता उमेदवार सोडून दुसऱ्यालाच मत देणारे गावोगाव भेटतात, ते यामुळेच.

प्रमाणशीर प्रतिनिधित्वात हिशेब वेगळा असतो. पक्षाला जितके टक्के मतं, साधारण तितकेच टक्के जागा.

फरक किती पडतो?

२०२४ ची विधानसभा पाहा. काँग्रेसला १२.४२ टक्के मतं आणि १६ जागा. एकनाथ शिंदेंच्या शिवसेनेला १२.३८ टक्के मतं आणि ५७ जागा. २८८ जागा निव्वळ प्रमाणात वाटल्या असत्या, तर दोघांनाही ३६ च्या आसपास मिळाल्या असत्या. भाजपला २६.७७ टक्के मतांवर १३२ जागा मिळाल्या. प्रमाणात त्या ७७ होतात.

पण काही महिनेच आधी, लोकसभेला, राज्यात भाजपला २६.१८ टक्के मतं असूनही ४८ पैकी ९ जागाच मिळाल्या होत्या. तेव्हा ही पद्धत एकाच पक्षाला धार्जिणी आहे, असं म्हणता येत नाही. अर्थात आघाड्यांमुळे प्रत्येक पक्षाने लढवलेल्या जागा वेगळ्या होत्या, आणि पद्धत बदलली तर लोक मतही वेगळं देतील. त्यामुळे हे आकडे अंदाजापुरतेच.

मग आपण ही पद्धत का घेतली नाही?

मागणी झाली होती. जानेवारी १९४९ मध्ये संविधान सभेत काझी सय्यद करिमुद्दीन यांनी तशी दुरुस्ती सुचवली. ते मध्य प्रांत व वऱ्हाडाचे प्रतिनिधी, म्हणजे केनवड तेव्हा ज्या प्रांतात होतं तिथलेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारताना मुख्यतः दोन कारणं दिली. मतपत्रिकेवर आकडे लिहिण्याइतकी साक्षरता देशात नव्हती; आणि सभागृहात लहान लहान गट झाले तर सरकार टिकणार नाही. पहिलं कारण आज बरंच मागे पडलंय, दुसरं मात्र अजून तसंच उभं आहे.

आकडे लिहिण्याची पद्धत केनवडमध्ये आजही आहे. विधान परिषदेच्या अमरावती शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांत नाव नोंदवलेले मतदार १, २, ३ असे पसंतीक्रम देतात. तिथे जागा मात्र एकच असते, त्यामुळे खरं प्रमाण साधत नाही. राज्यसभेवर अनेक जागांसाठी आमदार मतदान करतात, तिथे ते बऱ्यापैकी साधतं.

आपला खासदार कोण?

निव्वळ पक्षयाद्यांची पद्धत आणली, तर रस्ता, पीकविमा यासाठी केनवडकरांनी कुणाला गाठायचं हा प्रश्न उरतो. यादीत वरचा क्रमांक कुणाला, हेही पक्षश्रेष्ठीच ठरवणार. म्हणून अनेक देशांनी मिश्र मार्ग काढला. नेपाळच्या प्रतिनिधी सभेत २७५ पैकी १६५ जागा मतदारसंघांतून भरतात आणि ११० पक्षांच्या मतांच्या प्रमाणात. या ११० मध्ये वाटा हवा तर किमान ३ टक्के मतं लागतात. न्यूझीलंडने १९९३ मध्ये सार्वमत घेऊन मिश्र पद्धत स्वीकारली, १९९६ मध्ये तिच्यानुसार पहिली निवडणूक झाली.

भारतात विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात असंच सुचवलं होतं: लोकसभेचे मतदारसंघ आहेत तसे ठेवायचे, २५ टक्के जागा वाढवायच्या आणि तेवढ्याच यादी पद्धतीने भरायच्या. २०१५ च्या २५५ व्या अहवालातही मिश्र पद्धतीचा विचार आहे. यातलं काहीही अजून अंमलात आलेलं नाही.