पिवळ्या डागाची साक्ष

गळालेलें पान मातींत पडतें आणि कालांतरानें दिसेनासें होतें. तें खाणारा कोण? ह्या प्रश्नाचें एक उत्तर पिवळ्या डागानें दिलें.

इंग्लंडांतील रोथॅमस्टेड येथील कृषि-संशोधनशाळेंत हचिन्सन व क्लेटन ह्यांनीं क्षारयुक्त पाण्यांत गाळण-कागद ठेवून त्यांत मातीचा अंश मिसळला. असा कागद म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. वनस्पतीच्या देहाचा सांगाडाच. त्यावर पिवळे डाग उमटले व त्या जागीं कागद विरून गेला. १९१९ सालीं त्यांनीं ह्या जंतूची गणना नागमोडी स्पायरोकीटांत केली; १९२९ सालीं विनोग्राद्स्की ह्यानें त्यास निराळा मानून 'सायटोफागा' हें नांव दिलें.

रंगाचा उलगडा मात्र उशिरां झाला. १९७४ सालीं जर्मन संशोधकांनीं ह्याच्या एका आप्त जंतूंत 'फ्लेक्सिरुबिन' हें रंगद्रव्य ओळखलें. सायटोफागाचा पिवळेपणाहि त्याच वर्गांतला. दाहक पोटॅशचा स्पर्श होतांच तो तांबूस होतो, आणि जंतूंचें नातें पडताळतांना ही खूण आजहि उपयोगी पडते.

पंडितांनीं ठरविलेलें कूळ दहा वर्षांत बदललें. डागाची साक्ष मात्र टिकली. असे मजूर मातींत नसते, तर झाडांनीं हवेंतून घेतलेला कर्ब पाचोळ्यांतच अडकून पडला असता, आणि नव्या अंकुराला जुन्या पानाचा वारसा लाभला नसता.