मेनफ्रेमवरील डेटा फाईल तुलना

आयबीएमच्या झेड/ओएस प्रणालीवर दोन डेटा फायली एकमेकींशी ताडून फरक काढण्याचे काम आणि त्यासाठीची साधने. बँक, विमा, विमानकंपन्यांची आरक्षणे अशा ठिकाणी कोबोल प्रोग्राम बदलला की जुनी आणि नवी आवृत्ती एकाच इनपुटवर चालवतात व दोन्ही आउटपुट ‘कंपेअर’ला टाकतात. अपेक्षित तेवढाच फरक दिसला तर बदल पुढे सरकतो. परदेशी बँकांच्या प्रणाली सांभाळणाऱ्या पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांना वर्ष २००० च्या दुरुस्त्यांपासून हे काम अंगवळणी पडले आहे. तक्रारीही तेव्हापासूनच्याच. मूळ अडचण एवढीच की साधन बाइट ताडते आणि माणसाला रक्कम ताडायची असते.

सर्वांत जुन्या साधनांपैकी एक म्हणजे आयईबीकॉम्पर. ते पहिले रेकॉर्ड पहिल्याशी, दुसरे दुसऱ्याशी असे क्रमाने लावत जाते. नव्या फायलीत तिसऱ्या जागी एक जादा खाते घुसले की पुढचे प्रत्येक रेकॉर्ड शेजाऱ्याशी ताडले जाते आणि सगळेच चुकीचे ठरते. सलग दहा विसंगती झाल्या की गाडी तिथेच थांबते. फरक एका रेकॉर्डचा असतो, पण तो कोणता हे अहवालावरून कळत नाही.

आयएसपीएफमधील सुपर-सी (पर्याय ३.१२, विस्तारित रूप ३.१३) याहून शहाणे आहे. ओळ, शब्द, बाइट किंवा अख्खी फाईल अशा चार पातळ्यांवर ते तुलना करते आणि मध्येच घुसलेली ओळ ओळखून पुन्हा जुळवून घेते. पण त्याचा स्वभाव प्रोग्रामचा मजकूर ताडण्याचा. रकमेतला एक आकडा बदलला तरी ते एक ओळ काढली, एक घातली असे सांगते. शेजारी-शेजारी दाखवणाऱ्या अरुंद अहवालात प्रत्येक फायलीचे ५५ स्तंभच मावतात. बदल २१२ व्या स्तंभात असेल तर दोन हुबेहूब सारख्या ओळी समोर येतात आणि त्या वेगळ्या आहेत असे साधन शपथेवर सांगते. फायलीचे नाव अवतरणचिन्हांत घातले नाही तर पुढे आपलाच युजर आयडी चिकटतो आणि ‘फाईल सापडत नाही’ असे उत्तर येते. ही चूक दहा वर्षे काम केलेला माणूसही करतो.

खरी डोकेदुखी कॉम्प-३, म्हणजे पॅक्ड दशमान फील्डांची. त्यांत एका बाइटमध्ये दोन अंक बसतात आणि शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह. १२३४५.६७ ही रक्कम चार बाइटांत मावते. ‘हेक्स ऑन’ केल्यावर ती पडद्यावर उभी दिसते : वरच्या ओळीत १३५७, खाली २४६सी. वरचा एक, खालचा एक असे नागमोडी वाचत जायचे. शेवटचा ‘सी’ म्हणजे अधिक, ‘डी’ म्हणजे उणे. ‘एफ’ म्हणजे बिनचिन्हाचे, तेही अधिकच मानले जाते. एका प्रोग्रामने सी लिहिले आणि दुसऱ्याने एफ, तर पैशाचा फरक शून्य असतो, तरी तुलनेत प्रत्येक रेकॉर्ड तांबडे.

मग झाकपाक सुरू होते. फायलीत प्रोग्राम चालल्याची वेळ छापलेली असेल (डीबी-२ चा टाइमस्टँप २६ अक्षरांचा), तर लाखो रेकॉर्डांतले प्रत्येक वेगळे ठरते. ते स्तंभ वगळण्यासाठी सुपर-सीला ‘सीएमपीसीओएलएम’ ही आज्ञा देतात, पण स्तंभांचे आकडे आपणच काढायचे. रेकॉर्डची मांडणी लिहिलेले कॉपीबुक समोर ठेवून बोटांवर मोजावे लागते : नऊ अंकी कॉम्प-३ पाच बाइटांचे, सात अंकी चारचे. वर ‘रीडिफाइन्स’ (त्याच जागेला दुसरे नाव) असेल तर तीच जागा दुसऱ्यांदा मोजायची नाही. एक बाइट चुकला तर वगळायचे ते राहते आणि पाहायचे ते झाकले जाते. दुसरी चूक अधिक वाईट, कारण ती दिसत नाही.

आयबीएमचे फाईल मॅनेजर आणि मूळचे कॉम्प्युवेअरचे फाईल-एड (२०२० पासून बीएमसीकडे) कॉपीबुक वाचून फील्डनिहाय तुलना करतात. फाईल मॅनेजरमध्ये जुळवणीचे तीन मार्ग आहेत : एकास एक, पुढे वाचून, आणि कीवर (रेकॉर्ड ओळखणाऱ्या फील्डवर). कीची जुळवणी सर्वांत भरवशाची, मात्र दोन्ही फायली त्याच कीवर लावून द्याव्या लागतात आणि की दुहेरी नसावी. हेडर, तपशील, ट्रेलर अशी वेगवेगळी रेकॉर्डे असली तर प्रत्येकाचा साचा नेमून द्यावा लागतो. साचा बांधण्यात सकाळ जाते, तुलना मिनिटभराची. म्हणून अनुभवी लोक पुष्कळदा हे सोडून सॉर्टच्या ‘जॉइनकीज’वर जातात. जुळलेली, फक्त जुन्यातली आणि फक्त नव्यातली अशी तीन पुडकी करून घेतात; लिहायला किचकट, पण निकाल स्वच्छ.

फाईल पीसीवर उतरवून चांगल्या रंगीत साधनात पाहावी हा मोह सगळ्यांना होतो. मजकूर म्हणून उतरवली की मेनफ्रेमच्या एब्सिडिक संकेतांचे पीसीच्या आस्कीत रूपांतर होते. अक्षरांसाठी ते योग्यच, पण पॅक्ड फील्डातही तेच घडते. एब्सिडिकमधली मोकळी जागा षोडशमानात ४०, आस्कीत २०; म्हणजे रकमेतल्या ज्या बाइटमध्ये ४० होते तिथे २० येतात. शिवाय एब्सिडिकच्या क्रमात अक्षरे आधी आणि अंक नंतर, आस्कीत उलट. एकाच कीवर लावलेली फाईल दोन जागी दोन क्रमांनी लागते. बँकांत तर ग्राहकांचा खरा डेटा असा बाहेर काढायला परवानगीच नसते.

परतीचा कोडही फसवतो. सुपर-सी फरक नसेल तर ०, असेल तर १ देते. जॉबच्या पायऱ्या लिहिण्याच्या जेसीएलमध्ये मात्र ४ पर्यंतचा कोड ठीक मानायची सवय सर्वत्र रुळलेली. त्यामुळे ‘कंपेअर’मध्ये फरक निघूनही पुढची पायरी बिनधास्त चालते आणि जॉब हिरवा दिसतो.

जीडीजी, म्हणजे पिढ्यांनी साठवलेल्या फायलींच्या बाबतीत तर याहून चमत्कारिक प्रसंग ओढवतो. त्यांत ताजी पिढी (०) आणि आधीची (−१) अशा सापेक्ष क्रमांकांनी ओळखली जाते. तुलनेचा जॉब वेगळा आहे, नवा प्रोग्राम चाचणीत एकदाऐवजी दोनदा चालला, आणि तुलनेत (−१) व (०) तसेच राहिले, तर दोन्ही फायली नव्याच प्रोग्रामच्या असतात. अहवाल अर्थातच निर्दोष येतो. म्हणून सावध माणसे तुलनेत सापेक्ष क्रमांक ठेवत नाहीत. जी००१२व्ही०० असे पिढीचे पूर्ण नाव टाइप करतात.