गिटारच्या मानेवरचे ठिपके आणि गायकाची पट्टी

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा लिहिलेला अवतार. 'अं', 'म्हणजे बघा' आणि मागे भुंकणारा सोसायटीतला कुत्रा काढून टाकलाय.

सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो. कॉलेजात मी स्टीलच्या तारांची गिटार वाजवायचो. तिच्या मानेवर तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या फ्रेटला एकेक ठिपका आणि बाराव्याला दोन. बोटं कुठे ठेवायची हे डोळ्यांना लगेच कळायचं. मग नोकरी लागली, हातात पैसे आले आणि मी एक सेकंडहँड फ्लामेंको गिटार घेतली. तिची मान कोरी करकरीत. एकही ठिपका नाही! मला वाटलं, कारागीर विसरला असेल. ड्रॉवरमधून व्हाइटनर काढला आणि जुन्या गिटारवरचे ठिपके नव्या गिटारवर कॉपी-पेस्ट केले.

महिनाभर मस्त चाललं. मग एक मैत्रीण स्पॅनिश शिकताना पाठ केलेलं गाणं म्हणायला बसली. म्हणाली, "मला खाली पडतंय, जरा वर घे ना." मी दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावला आणि सुरू केलं. जिथे पाचव्या फ्रेटवर जायचं होतं तिथे डोळे सवयीने पाचव्याच्या ठिपक्यावर गेले, बोटं त्यांच्या मागे. पण कॅपो दोन घरं पुढे सरकला होता, म्हणजे मला जायला हवं होतं सातव्यावर. मी पूर्ण एक स्वर खाली वाजवला. ती गाता गाता थांबली आणि तिने माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका.

कोडिंग करणाऱ्यांना हा बग लगेच कळेल. मी पत्ता हार्डकोड केला होता आणि सुरुवातच सरकली. सगळ्यात वाईट म्हणजे, कॅपो दुसऱ्यावर असताना पाच, सात, नऊचे ठिपके तीन, पाच, सात म्हणून दिसतात. पॅटर्न तोच, त्यामुळे चूक दिसतच नाही. कॅपो तिसऱ्यावर नेला तर तेच ठिपके दोन, चार, सहा होतात. सप्तकाची खूणही बाराव्यावर राहत नाही, पंधराव्यावर जाते.

आता इतिहासाकडे. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये गिटारची चुलतबहीण वाजायची, विहुएला. लुइस मिलानचं 'एल माएस्त्रो' हे तिच्यासाठीचं पुस्तक १५३६ सालचं. तिचे फ्रेट म्हणजे मानेभोवती गुंडाळून बांधलेली आतड्याची दोरी. आपल्या सतारीचे पडदे सरकवता येतात, तसेच हेही थोडे सरकवता यायचे. पुढे फ्रेट मानेत पक्के बसले. एकोणिसाव्या शतकात अल्मेरियाच्या अंतोनियो दे तोर्रेसने (१८१७–१८९२) आजच्या स्पॅनिश गिटारचा साचा घडवला. त्या साच्यात मान खोक्याला बाराव्या फ्रेटवर मिळते. म्हणजे कॅपो नसेल तर सप्तकाची खूण गिटारच्या बांध्यातच आहे. हाताला खोकं लागलं की बारा!

याच काळात सेव्हिलसारख्या शहरांत 'काफे कांतांते' म्हणजे गाण्याचे कॅफे भरत होते. सिल्व्हेरियो फ्रांकोनेत्ती हा गायक स्वतःच असा कॅफे चालवायचा. फ्लामेंको पैसे मोजून ऐकायची गोष्ट झाली ती इथे. या सगळ्यात मुख्य कोण? गायक. गिटारवाला त्याच्या बाजूला, त्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवून बसलेला. गायकाचा गळा ज्या पट्टीत असेल तिथे गिटारने जायचं, आणि ते जायचं कॅपोने. त्याला स्पॅनिशमध्ये 'सेखिया' म्हणतात. जुनी सेखिया लाकडाची असते, वर एक खुंटी, ती पिळून तारेचा तुकडा मानेभोवती आवळायचा.

फ्लामेंको गायक गिटारवाल्याला काय सांगतो माहितीये? 'अल त्रेस पोर मेद्यो'. म्हणजे सेखिया तिसऱ्यावर लाव आणि 'पोर मेद्यो'ने, म्हणजे ए-कॉर्डच्या जागेवरून वाजव. दुसरी मुख्य जागा 'पोर अर्रीबा', ती ई-कॉर्डची. स्वराचं नाव कुठेच नाही! आपल्याकडे गायिका पेटीवाल्याला 'काळी चार' सांगते, तसंच हे. फरक एवढाच की पेटीवाल्याला त्या पट्टीत बोटं नव्याने मांडावी लागतात, गिटारवाला सेखिया सरकवतो आणि बोटांचे आकार तेच ठेवतो. त्याच्यासाठी शून्य म्हणजे सेखिया. मानेवर कायमचा जडवलेला पाचवा ठिपका त्याच्या काय कामाचा?

शिवाय बसण्याची पद्धत. जुने फ्लामेंको वादक गिटारचं खोकं उजव्या मांडीवर टेकवायचे आणि मान वर उभी धरायचे. मानेचा पुढचा भाग श्रोत्यांकडे. तिथे शिंपल्याची कितीही सुंदर नक्षी जडवा, ती वाजवणाऱ्याला नाही, समोरच्याला दिसणार.

'ठिपके लावणारा कच्चा, कोऱ्या मानेवर वाजवणारा अस्सल' असं बोलणारे लोक तुम्हाला भेटतील. मला ते पटत नाही. माझ्या मते कोरी मान आली ती कामाच्या गरजेतून, तिचा अभिमान नंतर चिकटला. आणि काम बदललं की गरजही बदलते. १९३६ मध्ये रामोन मोंतोयाने पॅरिसमध्ये एकट्या गिटारचं रेकॉर्डिंग केलं. गायक नाहीच, गिटारच सगळं बोलतेय. पुढे पाको दे लुसिया आला. १९६९ पासून त्याने कामारोन दे ला इस्ला या गायकाला साथ करत रेकॉर्ड काढले. आणि तोच पाको डिसेंबर १९८० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अल डि मेओला आणि जॉन मॅकलॉफ्लिन यांच्याबरोबर सुसाट पळत होता. (हा मॅकलॉफ्लिन म्हणजे आपल्या झाकीरभाईंच्या 'शक्ती'मधला.) अशा वादनात हात खालून थेट वरच्या फ्रेटवर उडी मारतो, आणि तिथे डोळ्याला काहीतरी आधार लागतो.

म्हणून आज बरेच कारागीर मधला मार्ग काढतात. पुढून मान कोरी, पण वरच्या कडेला, जिथे फक्त वाजवणाऱ्याची नजर जाते, तिथे बारीक ठिपके. कुणी पाच, सात, नऊ ठेवतो, कुणी फक्त सातवा. नववा की दहावा यावरही एकमत नाही. जिप्सी जॅझवाल्यांच्या गिटारवर खूण दहाव्यावर असते. एका सवयीतून दुसऱ्या सवयीत गेलेला माणूस तिथेही आपटतो.

मी व्हाइटनर खरवडून काढला. पण सगळा नाही. कडेला सातव्यावर एक टिंब ठेवलंय, आणि सेखिया लावली की आधी मनात वजाबाकी करतो: दुसऱ्यावर असेल तर हा पाच, तिसऱ्यावर असेल तर चार. मैत्रीण परवा पुन्हा आली होती. यावेळी सेखिया चौथ्यावर गेली. पहिल्या कडव्यात मी खाली बघून वाजवलं आणि दोनदा चुकलो. दुसऱ्यात तिच्या तोंडाकडे बघून वाजवलं, एकदाच चुकलो.