रक्तांतून गेलेला निरोप

शरीराचा कारभार कोणाच्या हुकमानें चालतो, ह्या प्रश्नास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एकच उत्तर प्रतिष्ठा पावलें होतें: मज्जातंतूंच्या. ह्या मताचे अध्वर्यु सेंट पीटर्सबर्ग येथील पावलॉव्ह हे होत. जठरांतील आम्लयुक्त अन्न लहान आतड्यांत उतरलें, कीं स्वादुपिंडांतून पाचक रस वाहूं लागतो, हें त्यांच्या प्रयोगशाळेंत दिसून आलें होतें. आतड्याची वर्दी स्वादुपिंडास पोंचविणारे हरकारे म्हणजे मज्जातंतु, असें ते मानीत. आणि इतरांनींही तें निःशंकपणें मानिलें.

थोरांच्या मताचें वजन केवढें असतें पाहा. १९०१ सालीं फ्रान्समधील वेर्थेमेर व लपाज ह्यांस असें आढळलें, कीं मज्जातंतु तोडले तरी आतड्यांतील आम्लानें स्वादुपिंड स्रवतेंच. उलट आम्ल सरळ रक्तांत सोडिल्यास तें स्रवत नाहीं. नवें सत्य त्यांच्या उंबरठ्यावर येऊन उभें होतें. परंतु जवळपास मज्जातंतूंचें एखादें लहानसें केंद्र शिल्लक असावें, असें म्हणून त्यांनीं जुन्या मताचीच डागडुजी केली.

१६ जानेवारी १९०२ रोजीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत बेलिस व त्यांचे शालक स्टार्लिंग ह्यांनीं हा प्रश्न पुन्हां हातीं घेतला. गुंगी दिलेल्या कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाचे सर्व मज्जातंतु त्यांनीं तोडले. शरीराशीं त्याचा संबंध राहिला तो केवळ रक्तवाहिन्यांचा. त्या भागांत आम्ल घालतांच स्वादुपिंड पूर्ववत् स्रवूं लागलें. तंतु तर तोडलेले. रक्तांत गेलेल्या आम्लानें हें होत नाहीं, हेंही ठाऊक. तेव्हां आतड्याच्या अस्तरांतूनच कांहीं द्रव्य रक्तांत उतरत असलें पाहिजे, असा स्टार्लिंग ह्यांनीं तर्क केला. लागलीच तें अस्तर खरवडून, वाळू व आम्ल घालून घोटलें, गाळलें, आणि तो अर्क कुत्र्याच्या शिरेंत सोडिला. थोड्याच वेळांत रस पूर्वींपेक्षां जोरानें वाहूं लागला. ह्या द्रव्यास त्यांनीं ‘सिक्रेटिन’ हें नांव दिलें. पुढें १९०५ सालीं स्टार्लिंग ह्यांनीं अशा सर्व रासायनिक दूतांसाठीं ‘हार्मोन’ हा शब्द रूढ केला. ज्या ग्रीक धातूवरून तो आला त्याचा अर्थ चेतविणें. आपला ‘संप्रेरक’ हा शब्दही तोच भाव सांगतो.

पावलॉव्ह ह्यांचे शिष्य बाबकिन ह्यांनीं लिहून ठेविलें आहे, कीं हा प्रयोग पीटर्सबर्ग येथें करून पाहण्यांत आला, तेव्हां पावलॉव्ह कांहीं न बोलतां अभ्यासिकेंत निघून गेले. आणि कांहीं वेळानें परत येऊन, त्या लोकांचें बरोबर आहे, सत्य शोधण्याचा मक्ता कांहीं आपण एकट्यांनीं घेतलेला नाहीं, अशा आशयाचें बोलले. आमच्या मतें ह्या कथेंतील हा प्रसंग सिक्रेटिनच्या शोधाइतकाच मोलाचा आहे. गुरुवचन प्रमाण मानण्याचें शिक्षण आम्हांस लहानपणापासून मिळतें. स्वतः गुरूनेंच प्रमाणापुढें मान लवविल्याचीं उदाहरणें मात्र क्वचितच सांगितलीं जातात.

तर मग मज्जातंतूंचा पक्ष हरला काय? तसेंही नाहीं. स्वादुपिंडावर मज्जातंतूंचाही अंमल चालतो, हें पावलॉव्ह ह्यांचें म्हणणें आजही खरें आहे. शिवाय १९२१ सालीं ओटो लोवी ह्यांनीं बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून दाखविलें, कीं मज्जातंतुसुद्धां आपली आज्ञा अखेर एका रासायनिक द्रव्याच्याच हातीं देतो. ज्या दोन पक्षांना वीस वर्षांपूर्वीं परस्परांचें वैरी मानिलें होतें, ते एकाच कारभारांतील सहकारी निघाले.