गाण्याचा खर्च कोण करतं?



भजन असलं की आपण विचारतो, गाणार कोण? आज वेगळं विचारू. त्याचा खर्च कोण करतं? पखवाजाला नवी पुडी लागते, पेटी दुरुस्त करावी लागते, परगावी जायला टेम्पो लागतो. आणि नवं गाणं रचायचं तर कुणा बाईचा वेळ लागतो. हे सगळं पूर्वी कसं भागायचं, ते ऐरोलीपासून सांगते.

ठाण्याच्या खाडीकाठचं ऐरोली आज इमारतींचं शहर दिसतं. पण मूळ गाव आगरी-कोळ्यांचं, भातशेती आणि मासेमारीवर जगणारं. या समाजात लग्नाचे विधी धवलारीण गाऊन पार पाडायची. धवले तिला तोंडपाठ असत आणि नवरा-नवरीची, नातलगांची नावं ती त्यात गुंफत जायची. तिचा मान लग्नघर द्यायचं. म्हणजे गाण्याचा खर्च रीतीतच धरलेला होता. कुणाकडे अर्ज करावा लागत नव्हता.

१७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. भातखाचरं गेली, तशी लावणीच्या वेळची गाणीही मागे पडली. लग्नं हॉलमध्ये लागू लागली.

जुना आधार सुटला की गाणाऱ्यांनी काय करायचं? हा प्रश्न त्याआधीही पडला होता. पंडित विष्णू दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते संस्थानिकांच्या दरबारावर अवलंबून न राहता. तिकीट लावून जलसे करायचे आणि लोकांच्या मदतीवर शाळा चालवायची, अशी त्यांची रीत होती. पुढे मुंबईत इमारत बांधली, ती मात्र कर्जापायी लिलावात गेली. तरी १९३१ साली त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी मंडळ स्थापून काम पुढे नेलं. त्या मंडळाची वास्तू आज ऐरोलीजवळच, वाशीला आहे. इमारत गेली, पण एकत्र आलेली माणसं टिकली.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले, तशी आणखी एक वाट झाली. १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण निधी सुरू झाला. त्यात कामगार, मालक आणि सरकार अशा तिघांचा वाटा असतो. त्यातूनच कामगार कल्याण मंडळ भजनाच्या स्पर्धा घेतं, महिलांच्याही.

आणि अगदी अलीकडे, २०२५ च्या गणेशोत्सवात, राज्य सरकारने १,८०० भजनी मंडळांना वाद्यं घ्यायला प्रत्येकी २५,००० रुपये जाहीर केले. म्हणजे साडेचार कोटी रुपये झाले. चांगलीच गोष्ट आहे. पण यात दोन गोष्टी ध्यानात घ्या.

पहिली, असा पैसा कागदावर चालतो. मंडळाचं नाव, सभासदांची यादी, बँकेचं खातं, जमाखर्च. अनेक मंडळं इथेच अडतात. बचत गटाच्या बायांना मात्र हे काम रोजचं आहे. भजनी मंडळाचीही तशीच वही आजच घाला.

दुसरी, अनुदानातून टाळ आणि पखवाज येतील. नवं गाणं कोण रचणार? धवलारणीला तिच्या गाण्याचा मान मिळायचा. आपण मात्र चाल बांधणाऱ्या बाईला नुसतं 'छान झालं' म्हणतो आणि तिचं नावही विसरतो.

म्हणून एक सुचवते. बारा जणींनी महिन्याला वीस-वीस रुपये काढले, तर वर्षाला २,८८० रुपये जमतात. त्यातून दुरुस्ती आणि प्रवास करा. पण वर्षातल्या एका नव्या गाण्यासाठी ५०१ रुपये बाजूला ठेवा. जिने रचलं तिला ते सगळ्यांसमोर द्या. गाणं वहीत उतरवा आणि खाली तिचं नाव लिहा.

सरकारी अनुदान कधी येईल, कधी नाही. वहीतलं गाणं आणि तिचं नाव मात्र आपल्या लेकी-सुनांना मिळेल.