अंगावर काढलेले दुखणे

दुखणे ‘अंगावर काढणे’ हा वाक्प्रचार आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्यातली क्रूरता जाणवेनाशी झाली आहे. उपचार न करता, कामाचा खाडा न पाडता सोसत राहणे, हा त्याचा अर्थ. पाळीच्या दुखण्याबाबत तर तो स्त्रीधर्मच मानला गेला. ‘कावळा शिवणे’, ‘बाहेरची होणे’ हे बोलीतले शब्द विटाळाचे आहेत, वेदनेचे नव्हेत. चरकसंहितेतल्या वीस योनिव्यापदांत रजःस्राव होईपर्यंत कळा देणारी ‘उदावर्तिनी’ आहे. पण तो शब्द वैद्यांच्या पोथीतच राहिला, चुलीपर्यंत पोचला नाही.

ज्या वेदनेला शब्द नाही तिची नोंद कोण करणार? विदर्भापुरते एक उत्तर १९८९ साली मिळाले. गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांनी तपासणी केली; तिचे निष्कर्ष त्या वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये आले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अनेक स्त्रीरोग होते. तक्रार सांगणाऱ्या ५५ टक्के होत्या आणि पूर्वी अशी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के. न सांगणाऱ्यांपैकी काहींचे आजार खरोखरच लक्षणांविना असतील. पण किती जणींनी दुखण्यालाच बाईपण मानले असेल, हे आकडा सांगत नाही. स्त्रीआरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, या तोवरच्या सरकारी समजुतीला मात्र या नोंदीने तडा दिला.

तरीही एक दुखणे अशा तपासणीतून निसटतेच. एंडोमेट्रिऑसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीजाले बीजकोशांवर, ओटीपोटात इतरत्र वाढतात. अमेरिकन डॉक्टर जॉन सॅम्पसन यांनी १९२० च्या दशकात हे नाव रूढ केले. जननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना तो असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. नुसत्या हाताच्या तपासणीत तो बहुधा सापडत नाही. निश्चित निदानासाठी दीर्घकाळ दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेवरच भिस्त होती. म्हणजे डॉक्टरांच्या मनात शंका येण्यासाठीही आधी बाईने सांगावे लागते, आणि सांगितलेले कोणी खरे मानावे लागते.

ऐकून घेतले तरी धोका सरत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांसाठी २०१९ साली नेमलेल्या शासकीय समितीला ८२ हजारांहून अधिक जणींपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. दुखणे अंगावर काढायचे, नाहीतर ‘पिशवी’ काढायची. भाषेने जणू दोनच मार्ग ठेवले. एंडोमेट्रिऑसिसमध्ये तर रोगाचे ठिकाणच गर्भाशयाबाहेर असते. पिशवी गेली तरी वेदना उरू शकते.

गडचिरोलीचा तो अहवाल आला त्याच १९८९ साली यवतमाळात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पण दवाखान्याचे दार उघडले म्हणून तोंड उघडत नाही. त्यासाठी ‘दुखते का?’ असे विचारणारे माणूस आधी भेटावे लागते. दर महिन्याला वर्गात तीच जागा दोन दिवस रिकामी राहते, तेव्हा ते माणूस बहुधा शिक्षक असतो.