शिपायाचे नाव, बापाचे नाव

विहाराची स्मरणिका निघते तेव्हा तिच्यात विहार कसा उभा राहिला, कोणी श्रमदान केले, याच्या नोंदी येतात. त्या आल्याच पाहिजेत. पण विहारात येणाऱ्या घराघरांचा इतिहासही लिहिला गेला पाहिजे, असे आम्हाला वाटते. राजेरजवाड्यांच्या वंशावळी भाटांनी लिहून ठेवल्या. गरिबाच्या पोराची वंशावळ कोण लिहितो? आणि तो पोरगा पोटासाठी पलटणीत गेला, लढाईत पडला, तर त्याच्या घरादाराचा इतिहास शोधायचा तरी कुठे?

या प्रश्नाचे एक उत्तर भीमा कोरेगावच्या दगडावर कोरलेले आहे. तो स्तंभ आपण शौर्याची खूण म्हणून पाहतो. आज तो घराण्याची नोंद म्हणून वाचून पाहू.

लढाई आपल्याला ठाऊक आहे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरहून पुण्याकडे निघाली. १ जानेवारी १८१८ ला भीमा नदीच्या काठी कोरेगावात तिची पेशव्यांच्या सैन्याशी गाठ पडली. कंपनीच्या बाजूला सुमारे ८०० माणसे. त्यांतले सुमारे ५०० मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे पायदळ शिपाई. रात्रभर चाललेली माणसे दिवसभर तहानेने व्याकूळ होऊन लढली. पुढे २६ मार्च १८२१ रोजी स्तंभाचा पाया घातला गेला आणि मेलेल्यांची नावे त्यावर कोरली गेली. त्या नावांत इतर समाजांचे शिपाईही आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण बावीस नावे अशी आहेत की ज्यांच्या शेवटी ‘नाक’ आहे.

सोमनाक कमळनाक नाईक. रामनाक येसनाक नाईक. भागनाक हरनाक. अंबनाक काननाक. बाळनाक कोंडनाक. रूपनाक लखनाक. गणनाक लखनाक.

महार माणसाच्या नावाला ‘नाक’ जोडण्याची तेव्हा रीत होती. पहिले नाव शिपायाचे, दुसरे त्याच्या बापाचे. म्हणजे दगडावरची एकेक ओळ ही एका घराच्या दोन पिढ्या आहेत! ज्या काळी आमच्या माणसाचे नाव कागदावर चढायचे ते बहुधा वेठबिगारीपुरते, त्या काळी कमळनाक नावाच्या बापाला सोमनाक नावाचा मुलगा होता आणि तो नाईक होता, एवढे तरी कायमचे लिहिले गेले. आपल्याकडे आज्याचे नाव नातवाला ठेवतात. त्या घरी पुन्हा एखादा कमळनाक जन्माला आला असेल, तर ते नावही त्या दगडाशी बांधलेले होते.

रामनाक येसनाक हे नाव तिथे दोनदा आहे. एक नाईक, दुसरा साधा शिपाई. हुद्दा कोरला म्हणूनच दोन घरे वेगळी राहिली. रूपनाक आणि गणनाक या दोघांच्याही बापाचे नाव लखनाक. पण एवढ्यावरून त्यांना भाऊ म्हणता येत नाही, कारण गाव कोरलेले नाही. मायचे नाव नाही. घरी कोणी बायको असेल तर तिचेही नाव नाही. किती वर्षांचा पोरगा होता तेही नाही. पुढे ‘नाक’ गेले, गावावरून किंवा कुळावरून आडनावे आली, आणि दगडावरच्या नावापासून आजच्या घरापर्यंतचा धागा तुटला.

असे घर आतून कसे असायचे, हे एका घराण्यावरून कळते. ते म्हणजे बाबासाहेबांचे. आजोबा मालोजी सकपाळ कंपनीच्या फौजेत. वडील रामजी सुभेदार, लष्करी शाळेत १४ वर्षे मुख्याध्यापक. आई भीमाबाई मुरबाडकरांच्या घरची, तिचे वडील आणि चुलतेही सुभेदार मेजर. फौजेने या घरांना पगार दिला, पेन्शन दिली, आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे अक्षर दिले. शिपायाचा जीव जाईल ही भीती होतीच, पण पोरे शिकतील ही आशाही होती.

म्हणून १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली तेव्हा घाव बसला तो घरांवर. गोपाळबाबा वलंगकर स्वतः पेन्शनर. त्यांनी १८९४ साली अर्ज तयार केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा अर्ज केला. आमच्या बापजाद्यांनी रक्त सांडले आहे, हाच त्यांचा पुरावा होता. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ ला १११ वी महार पलटण उभी केली, आणि १९२१ ला ती मोडली. गरज सरो नि वैद्य मरो!

त्याच युद्धातली आणखी एक गोष्ट. इराकमध्ये बसरा येथे, ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचे स्मारक १९२९ साली उघडले. त्याच्या भिंतीवर गोऱ्या शिपायांची नावे आहेत. हिंदी शिपायांचे मात्र पलटणवार आकडेच, नावे फक्त अधिकाऱ्यांची. कोरेगावला बाप-लेकाचे नाव कोरले, आणि शंभर वर्षांनी तोच गरीब शिपाई, मग तो कोणत्याही जातीधर्माचा असो, नुसता आकडा झाला. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली आपल्या अहवालात हा भेदभाव कबूल केला आणि माफी मागितली.

१ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगावला गेले ते हीच नावे लोकांच्या ध्यानात आणून देण्यासाठी. १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या टोपीवरच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता.

चिचगडहून कोरेगाव लांब आहे, आणि मुंबई फौजेची भरती कोकण-देशावरची. पण महार रेजिमेंटची दुसरी बटालियन उभी राहिली ती आपल्या कामठीला, आणि ती ब्रह्मदेशच्या मोहिमेत गेली. त्या मोहिमेत ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा सुमारे २७,००० सैनिकांची नावे रंगूनजवळच्या तौक्क्यान येथे आहेत. आयोगाच्या दुसऱ्या महायुद्धाच्या नोंदींत पुष्कळ हिंदी शिपायांच्या नावापुढे बाप, माय, बायको, गाव आणि जिल्हा असे सगळे लिहिलेले असते. म्हणजे जे कोरेगावच्या दगडावर राहिले, ते इथे आहे. आपल्या भागातल्या माणसाचा शोध घेताना मात्र ‘गोंदिया’ पाहू नका, तो जिल्हा १९९९ चा. तेव्हाच्या कागदावर भंडारा जिल्हा आणि मध्य प्रांत असेल.

धम्मबांधवांनो, घरातला म्हातारा गेला की त्याच्याबरोबर चार नावे जातात. तेव्हा ज्यांच्या घरचा कोणी पलटणीत होता त्यांनी एक वही करावी. त्याचे नाव, बापाचे नाव, आणि दगडाने सोडले ते मायचे नाव, बायकोचे नाव, गाव, पलटण, नंबर, पेन्शनचा कागद. जो लढाईत पडला त्याचे तर आधी लिहावे, कारण त्याच्या मागे सांगणारे लेकरू बहुतेक नसते. आणि जो गिरणीत किंवा शेतावर राबला त्याचेही लिहावे, कारण पलटणीत गेलेल्या पोराचे घर त्याच्याच हातांनी चालले.

जय भीम!